कुर्लीची जात, पापलेटाची जात आणि वासेट्ठ सुत्त

आचरा म्हटले की बाहेरच्या माणसाला गावपळण आठवते. गावाचे खरे धन मात्र खाडीत आहे. ओहोटीला कांदळवनाची मुळे उघडी पडली की चिखलात कुर्ल्या शोधणारी माणसे दिसतात आणि त्याच कुर्ल्या डेंगे दोरीने बांधून बाजारात येतात. कोकणातल्या खाड्यांत या चिखलातल्या कुर्लीच्या दोन तऱ्हा आढळतात. एक मोठी होणारी, हिरवट, पायांवर जाळीसारखी नक्षी असलेली. दुसरी आकाराने लहान, तांबूस-तपकिरी डेंग्यांची. पकडणाऱ्याला हा फरक कळतो, कारण मोठी कुर्ली जास्त पैसे देते. शास्त्राच्या पुस्तकात मात्र या दोघींच्या नावांचा घोळ अगदी अलीकडेपर्यंत चालू होता आणि तो सुटला जनुकक्रम विश्लेषणाने.

खेकड्याची ही गोष्ट धम्माच्या तरुणांनी का वाचावी? कारण तिच्या मुळाशी 'जात' हा शब्द आहे. आपण माशाची जात म्हणतो, आंब्याची जात म्हणतो आणि माणसाचीही जात म्हणतो. मराठी विश्वकोशातसुद्धा इंग्रजी 'स्पीशीज'ला 'जाती' असाच शब्द योजला आहे. वर्तमानपत्रे 'प्रजाती' लिहितात, तोच शब्द या लेखातही वापरला आहे. एकच शब्द सगळीकडे वापरल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते, जशी माशांत जात तशी माणसांत जात, दोन्ही निसर्गानेच केलेल्या. हा गोंधळ तथागतांनी वासेट्ठ सुत्तात नेमका पकडला आहे. त्या सुत्ताकडे येऊच, पण आधी शास्त्र नीट समजून घेऊ. ते न समजता 'बुद्धांनी सांगितलेच होते' असे म्हणणे म्हणजे पुराणात विमाने शोधणाऱ्यांच्या पंगतीला बसणे होय.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. चार रासायनिक घटकांची ती माळ आहे. शास्त्रज्ञ त्या घटकांना ए, टी, जी आणि सी अशी अक्षरे देतात. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. आईबापांकडून मुलाकडे जाताना या मजकुराची नक्कल होते. नक्कल फार काळजीपूर्वक होते, तरी अधूनमधून एखादे अक्षर बदलते. बदललेले अक्षर पुढच्या पिढ्यांत उतरत राहते.

आपल्याला हे समजायला त्रिपिटकाचे उदाहरण सोपे पडेल. पाली ग्रंथ सिंहली, बर्मी, थाई, ख्मेर अशा लिप्यांत शतकानुशतके हाताने उतरवले गेले. एका लेखनिकाने एक अक्षर चुकवले की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तीच चूक दिसते. त्यामुळे दोन पोथ्यांत सारख्याच चुका सापडल्या तर त्यांचे मूळ एक असे म्हणता येते. जितके पाठभेद कमी, तितके नाते जवळचे. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला भरलेल्या सहाव्या संगीतीत वेगवेगळ्या देशांतले पाठ असेच समोरासमोर ठेवून तपासले गेले. जनुकक्रम विश्लेषणात हेच काम संगणक करतो. फक्त पोथी पेशीतली असते.

इथे दोन माणसांची आठवण काढलीच पाहिजे. आचऱ्यापासून किनाऱ्याने दक्षिणेला गेले की गोवा लागतो. तिथल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून बुद्धाच्या शोधात श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेले. पाली शिकून त्यांनी सुत्तनिपात मराठीत आणला. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी गणिती. त्यांनी १९४४ साली गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. वनस्पतींच्या जनुकीय नकाशात आजही ते 'कोसंबी फंक्शन' या नावाने वापरले जाते. याच दामोदर कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून १९४८ साली त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पोथ्यांचे पाठभेद आणि जनुकांची अंतरे, दोन्ही एकाच माणसाने हाताळली. आपल्या किती तरुणांना हे माहीत आहे?

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. कुर्लीच्या पायातला तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा घेऊन मद्यार्कात ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. प्रयोगशाळेत साबणासारख्या द्रावणाने पेशी फोडतात, विकरांनी प्रथिने विरघळवतात आणि डीएनए वेगळा काढतात. त्या प्रचंड मजकुरातला हवा तो तुकडाच वाचायचा असतो. त्यासाठी पीसीआर हे तंत्र आहे. करोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये ते शोधले आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. द्रावण तापवले की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, थंड केले की हव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना खुणेचे छोटे तुकडे चिकटतात आणि मग विकर मधला भाग भरून काढते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. त्यानंतर वाचन. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पद्धतीत आज प्रत्येक अक्षराला वेगळ्या रंगाची खूण लावतात आणि यंत्र ते रंग ओळीने टिपत जाते. शेवटी हातात पडते ती साधी अक्षरांची ओळ.

पण प्रत्येक प्राण्याची सगळी अक्षरे वाचत बसणे परवडत नाही. कॅनडातील गेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवले की सर्व प्राण्यांत असणारा एकच ठरावीक तुकडा वाचावा. हा तुकडा पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात असतो. त्याची लांबी साधारण ६५० अक्षरे आणि त्याचे नाव सीओआय. दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघांवरून या पद्धतीला 'डीएनए बारकोड' म्हणतात. एकाच प्रजातीच्या दोन प्राण्यांत या तुकड्यातला फरक बहुधा शेकडा एकाच्या आत असतो. जवळच्या पण वेगळ्या प्रजातींत तो बहुधा दोन किंवा त्याहून जास्त. वनस्पतींत हा तुकडा फार सावकाश बदलतो, म्हणून त्यांच्यासाठी २००९ मध्ये हरितलवकातले दोन तुकडे ठरवले गेले. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम दोनदा वापरला आहे, त्याचे कारण पुढे येईल.

आता कुर्लीचा निकाल. तांबड्या समुद्राकाठच्या खेकड्याला फोर्सकाल याने १७७५ साली जे नाव दिले, त्यातून आजचे 'सिला सेराटा' हे नाव आले. पुढे आशियातल्या कुठल्याही चिखली खेकड्याला तेच नाव चिकटवले जाऊ लागले. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या तिघांनी शरीराची मापे, प्रथिने आणि डीएनए असे तिन्ही पुरावे एकत्र करून दाखवले की या गटात चार प्रजाती आहेत. मग भारतातल्या खेकड्यांचे डीएनए वाचले गेले, तेव्हा चूक उघडी पडली. आपल्याकडची पुस्तके लहान, तांबूस कुर्लीला सेराटा म्हणत होती आणि मोठीला 'ट्रँक्वेबारिका'. प्रत्यक्षात मोठी हिरवटच खरी सेराटा निघाली आणि लहान ती 'ऑलिव्हेसिया'.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. सिंधुदुर्गात कांदळवनाच्या आश्रयाने कुर्लीपालन करणाऱ्या बचत गटाला विचारा. पिल्ले विकत घ्यायची, महिनोन्‌महिने खायला घालायचे आणि मग वजनावर विकायचे, असा हा धंदा. सेराटा दोन किलोच्या आसपास जाऊ शकते. ऑलिव्हेसिया तेवढी वाढत नाही. जुन्या पुस्तकात 'सेराटा इतकी वाढते' असे वाचले आणि तलावात सोडली दुसरीच, तर हिशेब तिथेच बसतो. पिल्लू बोटाच्या पेराएवढे असताना नुसत्या डोळ्याने ओळखणे अवघड असते, रंग तर पाण्याप्रमाणे आणि चिखलाप्रमाणे बदलतो. मोठ्या कुर्लीत मात्र आता खूण सांगता येते: डेंग्याच्या मनगटावर बाहेरच्या बाजूला दोन टोकदार काटे असतील तर सेराटा, ते बोथट किंवा नाहीसे झालेले असतील तर ऑलिव्हेसिया. आधी डीएनएने दोन गट वेगळे केले, म्हणून कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा ते ठरले.

पापलेटाची गोष्ट याहून मजेशीर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केले. जगभर या माशाचे शास्त्रीय नाव 'पॅम्पस अर्जेंटियस' असे लिहिले जाते. ते १७८८ मध्ये चीनकडच्या माशावरून पडले. कोचीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये डीएनए ताडून पाहिला, तर हिंदी महासागरातले पापलेट प्रशांत महासागरातल्या पापलेटाहून निराळे निघाले. त्याला क्युव्हिए याने १८२९ मध्ये दिलेले आणि नंतर बाजूला पडलेले 'पॅम्पस कँडिडस' हे नाव लागू होते. म्हणजे आपला राज्य मासा कागदोपत्री दुसऱ्याच्याच नावाने वावरत होता. चीनच्या समुद्रातल्या माशाची वाढ आणि विणीचा काळ पाहून अरबी समुद्राचे नियम करता येणार नाहीत, हा याचा व्यवहारातला अर्थ. बाकी रूपावरून पापलेटाचा भाऊ वाटणारा हलवा तर वेगळ्याच कुळातला आहे.

समुद्र सोडून घाट चढला की आंबोली लागते. तिथला एक छोटा भेक, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही पाहून त्याला नवी प्रजाती ठरवले; इतकेच नव्हे, तो आणि त्याचा कोयनेचा भाऊबंद यांच्यासाठी 'झँथोफ्रिन' ही नवी शाखाच निर्माण करावी लागली. कोयनेचा भेक त्याआधी दुसऱ्याच घराण्यात गणला जात होता. आंबोलीच्या भेकाची नोंद आज जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. वेगळे नाव पडले नसते तर तो साध्या बेडकांच्या गर्दीतच मोजला गेला असता आणि रस्त्यावर चिरडला जाताना कोणाला काही वाटले नसते.

झाडांचा हिशेब थोडा वेगळा आहे. हापूस कलमाने वाढवतात. कलम म्हणजे नवे मूल नव्हे. तीच पोथी पुन्हा छापल्यासारखे ते असते. म्हणून देवगडच्या बागेतले आणि आचऱ्याच्या परसातले हापूसचे कलम अक्षरशः जवळजवळ एकच. बाठ्यातून उगवलेल्या रायवळात मात्र आईबापांची अक्षरे मिसळतात, म्हणून प्रत्येक रायवळ निराळा. बोधिवृक्षालाही हाच नियम. संघमित्रा थेरींनी श्रीलंकेला नेली ती फांदी होती, बी नव्हे. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला दीक्षाभूमीवर आणल्या. फांदीतून वाढलेले झाड आणि मूळ झाड यांचा मजकूर जुळतो. बियांपासून उगवलेला पिंपळ हे त्या झाडाचे मूल ठरते. अमुक रोप बोधगयेच्या वृक्षाचेच आहे असे सांगून कोणी देणगी मागितली, तर फांदी की बी एवढे तरी विचारावे. आता ते तपासताही येते. भोपाळच्या आयसर संस्थेने २०२२ मध्ये वड आणि पिंपळ या दोघांचे संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध केले आहेत.

आता वासेट्ठ सुत्त. इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो. माणूस जन्माने ब्राह्मण होतो की आचरणाने? दोघे तथागतांकडे येतात. तथागत सुरुवात माणसापासून करत नाहीत. ते आधी गवत आणि झाडे घेतात, मग किडामुंगी, लहानमोठी चतुष्पाद जनावरे, साप, पाण्यातले मासे, आकाशातले पक्षी. या प्रत्येकात जन्मानेच ठरलेली वेगवेगळी लक्षणे आहेत, हे ते मान्य करतात. मग माणसाचे केस, डोके, कान, डोळे असा एकेक अवयव घेऊन ते विचारतात, इथे तसे वेगळे लक्षण कुठे आहे? माणसांतला फरक केवळ व्यवहारातल्या नावांचा आहे. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी. पुढे अश्वघोषाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'वज्रसूची'त हाच युक्तिवाद फणसावर आणला आहे. खोडाला लागो की फांदीला, फणस तो फणसच. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावायला नको.

सुत्तात डीएनए नाही. पण तपासण्याची पद्धत आहे: लक्षण दाखवा, मग भेद माना. जनुकक्रम विश्लेषण याच रीतीने चालते. दोन कुर्ल्यांत ते सीमारेषा दाखवते, दोन पापलेटांत दाखवते. माणसांत ती शोधायला गेले तर? कोणत्याही दोन माणसांत हजार अक्षरांमागे साधारण एकाचा फरक पडतो. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये प्रथिनांच्या आधारे दाखवले की माणसांतल्या एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच असते.

भारताबद्दलचे निष्कर्ष याहून बोलके आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे के. थंगराज व लालजी सिंग आणि हार्वर्डचे डेव्हिड राईख यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की भारतातले जवळपास सगळे समूह दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहेत, प्रमाण कमीजास्त असेल. २०१३ च्या अभ्यासात हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात चालू होते असे दिसले. पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६ मध्ये काढलेला अंदाज असा की साधारण सत्तर पिढ्यांपूर्वी ही सरमिसळ थांबली आणि समूह आपापल्यातच लग्ने करू लागले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे मांडले होते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकाच्या मापांची उपलब्ध आकडेवारी घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा सिद्धांत खोडून काढला. तेव्हा हाताशी होती ती साधने त्यांनी वापरली. आज डीएनए आहे.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर याच अभ्यासांचा उलटा अर्थ लावलेला दिसतो. मिश्रणाचे प्रमाण समूहागणिक बदलते, म्हणून जाती जनुकांतच आहेत, असे सांगितले जाते. शेकडो पिढ्या नव्हे, सत्तर पिढ्या आतल्या आत लग्ने केली तरी जनुकांत त्याच्या खुणा उरतात आणि काही आनुवंशिक आजारही साचतात. त्या खुणा माणसांनी घातलेल्या कुंपणाच्या आहेत. दोन कुर्ल्यांमधल्या फरकासारख्या त्या नाहीत. आपल्याकडूनही चूक होते: आम्हीच मूळचे, हे डीएनएने सिद्ध झाले, अशा आरोळ्या व्यासपीठावरून ऐकू येतात. सगळेच मिश्रण असताना ही आरोळी टिकत नाही आणि आपल्या मागण्यांना तिची गरजही नाही. हक्क रक्तावरून मागायचे नसतात हे तर बाबासाहेबांनीच शिकवले.

आता त्या 'बहुधा'कडे येऊ. बारकोड चुकतोही. तंतुकणिका फक्त आईकडून येते, त्यामुळे संकर झालेल्या प्राण्यात बापाची बाजू दिसतच नाही. नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींत अक्षरे अजून पुरेशी बदललेली नसतात. आणि जगभरच्या साठ्यात कोणी चुकीच्या नावाने क्रम जमा केला असेल, तर पुढचे सगळे त्याच चुकीशी जुळवत बसतात. पापलेटाचे तेच झाले होते. म्हणून चांगला संशोधक शरीर आणि डीएनए दोन्ही पाहतो, आणि नमुना संग्रहालयात जपून ठेवतो.

हा साठा, म्हणजे 'जेनबँक', सर्वांना मोफत खुला आहे. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट असलेला विद्यार्थी 'ब्लास्ट' या सुविधेत अक्षरांची ओळ टाकून ती कोणाशी जुळते ते घरबसल्या पाहू शकतो. जीवशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून खचण्याऐवजी पुणे विद्यापीठातील जैवमाहितीशास्त्र, रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय अशा वाटा पाहाव्यात.

खुल्या साठ्याला दुसरी बाजूही आहे. हापूसचा संपूर्ण जनुकक्रम २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. ज्ञान म्हणून ते उत्तमच. पण उद्या त्या अक्षरांवरून कोणी नवे उत्पादन काढले तर कोकणातल्या बागायतदाराला काय मिळणार? आंबा देशाबाहेर न्यावाच लागत नाही, फाइल पुरते. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभात वाटा देण्याची तरतूद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष वैद्य आणि ग्रंथात नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणारे यांना त्यातून सवलत दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'काली निधी' सुरू झाला. अशा जनुकक्रमांतून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात भर घालावी आणि किमान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समूहांकडे जावी, अशी अपेक्षा आहे. सक्ती नाही.

आणि स्थानिक कोण, हे कागदावर ठरते. त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडे, मासे, खेकडे, औषधी मुळ्या आणि त्या कोणाला ठाऊक आहेत, हे तिच्यात लिहायचे असते. कोकणात बौद्धवाडी बहुधा गावाच्या कडेला, खाडीच्या किंवा रानाच्या बाजूला असते. तिथल्या म्हाताऱ्या बाईला कुठल्या भरतीला कुठली कुर्ली बिळाबाहेर येते ते माहीत असते, पण नोंदवही भरणारा माणूस देवळाजवळच्या चार घरांत विचारून परत जातो. तेव्हा समितीत आपल्या वाडीचे कोण आहे आणि नोंदवहीत वाडीतल्या कोणाचे नाव आहे, हे पंचायतीत जाऊन विचारावे. आचऱ्यासारखे खाडीकाठचे गाव असेल तर खेकड्यांचे पानही उघडून पाहावे. तिथे कुर्ली एकच लिहिली आहे की दोन?